सोसायटीत भाजीची बाग: रोपांच्या आधी मातीची चौकशी

सोसायटीच्या मागच्या मोकळ्या जागेत सगळ्यांनी मिळून भाजी लावायची ठरली की बैठकीत बियाण्यांवर तासभर बोलणं होतं, पाण्याच्या नळावरून वाद होतो आणि मातीचा विषय 'ती तर आहेच' म्हणून सुटून जातो. मुंबई, ठाणे, पुण्यातल्या बऱ्याच आवारांत जी 'आहेच' ती भरावाची माती असते: पाया खणताना निघालेला मुरूम, फुटक्या विटा, टाइल्स, सिमेंटचे गठ्ठे, आणि या सगळ्यावर हिरवळीसाठी अंथरलेली सहा इंच लाल माती. हिरवळ आणि शोभेची झाडं त्यात निमूट वाढतात. म्हणून तिथे पालक आणि मुळाही खुशाल लावावा, असं मात्र होत नाही.

दुसरा गैरसमज जास्त महागात पडतो. कोणीतरी उत्साहाने माती तपासून आणतं, मृदा आरोग्य पत्रिकेवर आकडे 'मध्यम' नाहीतर 'भरपूर' येतात, आणि माती पास झाली असं धरून कामाला सुरुवात होते. ही पत्रिका शेतकऱ्याला खताचा हिशेब कळावा म्हणून २०१५ मध्ये सुरू झाली. तिच्यात बारा गोष्टी मोजतात: सामू (पीएच), क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबं, मंगल आणि बोरॉन. शिसं, कॅडमियम, आर्सेनिक, पारा यांतलं काहीच तिच्यात नाही. पीक कसं येईल ते ती सांगते. ते खावं की नाही, हे तिला कोणी विचारलेलंच नसतं.

तेव्हा तपासण्या दोन लागतात, आणि त्याही आधी जागेचा इतिहास लागतो.

आधी कागद, मग कुदळ

जागेवर पूर्वी काय होतं हे कळलं की निम्मं काम झालं. शहरात प्रॉपर्टी कार्ड, हद्दीबाहेरच्या जागेला सात-बारा आणि त्याचे जुने फेरफार काढा. विकास आराखड्याचं जुनं पान मिळालं तर उत्तम. गुगल अर्थवर मागच्या वर्षांची उपग्रह छायाचित्रं फुकट दिसतात. कोपऱ्यात वर्षानुवर्षं उभा असलेला ढीग किंवा पत्र्याची शेड त्यात लगेच ओळखू येते. आणि शेजारच्या चाळीतल्या सर्वांत जुन्या रहिवाशाला गाठा, कारण भंगारवाला कुठे केबल जाळायचा हे कुठल्याच कागदावर नसतं.

कान टवकारायचे ते अशा शब्दांना: गॅरेज, बॅटरीची दुरुस्ती, प्लेटिंगचं वर्कशॉप, छापखाना, भंगार, जनरेटरची खोली, बॉयलरची राख, पेट्रोल पंप, पाडलेली जुनी इमारत. बॅटरीतून आणि जुन्या रंगातून शिसं येतं, प्लेटिंगमधून क्रोमियम, निकेल आणि कॅडमियम, कोळशाच्या राखेतून आर्सेनिक, जळक्या केबलमधून तांबं आणि शिसं दोन्ही. घरगुती रंगात शिसं ९० पीपीएमपेक्षा (पीपीएम म्हणजे दशलक्ष भागांत एक, किलोमागे मिलिग्रॅम) जास्त नको हा नियम आपल्याकडे १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला, आणि शिसंयुक्त पेट्रोल देशभर बंद झालं ते २००० साली. त्याआधीचं सगळं शिसं जिथे पडलं तिथेच वरच्या थरात बसलेलं आहे. ते कुजत नाही, उडून जात नाही, पावसाने फारसं खालीही झिरपत नाही. अमेरिकेत बाल्टिमोरमधल्या परसबागांची माती तपासून १९८३ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. जास्त शिशाच्या बागा शहराच्या गजबजलेल्या मध्यभागी एकवटलेल्या निघाल्या, आणि दोष एकट्या जुन्या रंगावर ढकलता येईना, संशय गाड्यांच्या धुराकडे वळला. म्हणून हमरस्त्याला लागून असलेला पट्टा आणि जुन्या भिंतीपासूनचा मीटर-दोन मीटरचा पट्टा, हे दोन्ही सुरुवातीलाच संशयित धरा.

मग जागेवर एक चक्कर. रंगाचे पोपडे, काचा, फुटक्या ट्यूबलाइट, तेलकट काळे डाग, राखेचे थर दिसतायत का ते बघा. वीतभर खणून माती हातात घ्या. डिझेलचा वास आला तर तो कोपरा सोडून द्या. करड्या रंगाच्या पन्हळी पत्र्यांचे तुकडे मिळाले तर ते अ‍ॅस्बेस्टॉस-सिमेंटचे असण्याची शक्यता मोठी आहे. ते फोडायचे नाहीत, झाडूने लोटायचे नाहीत. पाणी मारून ओले करा, एन-९५ मास्क आणि हातमोजे घालून उचला, जाड पिशवीत दुहेरी बांधा आणि पालिकेला विचारून विल्हेवाट लावा. हे पत्रे वाफ्याच्या कडेला उभे रोवण्याची आपल्याकडे सर्रास पद्धत आहे. ती बंद व्हायला हवी.

ठराव, परवानगी यांत फार गुंता नसतो. सर्वसाधारण सभेचा लेखी ठराव घ्या, जागा पालिकेची असेल तर उद्यान विभागाचं पत्र घ्या. उन्हासाठी एखादं झाड आडवं येत असेल तर वृक्ष प्राधिकरणाच्या परवानगीशिवाय त्याची फांदीही तोडू नका. १९७५ चा झाडांचा कायदा सोसायटीच्या आवारातही लागू आहे.

नमुना असा घ्या

सर्वांत जास्त घोळ इथे होतो. सगळ्या जागेतून मूठ-मूठ माती उचलून एकच पिशवी भरली की भिंतीकडचं ६०० पीपीएम शिसं मधल्या स्वच्छ मातीत मिसळून १२० दिसतं, आणि धोक्याची जागा कागदावरून गायब होते. जागेचे पट्टे पाडा: भिंतीलगत, रस्त्याकडे, मधला भाग, जुना पार्किंगचा भाग. प्रत्येक पट्ट्याचा नमुना वेगळा, आणि त्या एका पट्ट्यात नागमोडी चालत १० ते १५ ठिकाणांहून घेतलेला.

जिथे भाजी लावायची तिथे ० ते १५ सेंटीमीटरपर्यंतची माती घ्या. जिथे मुलं खेळणार, माणसं वावरणार तिथे फक्त वरचे ५ सेंटीमीटर घ्या, कारण हाताला आणि चपलेला लागते ती तेवढीच. वरचा पालापाचोळा बाजूला सारा, खुरप्याने इंग्रजी व्ही आकाराचा खड्डा करा आणि त्याच्या बाजूचा सारख्या जाडीचा काप काढा. खुरपं स्टीलचं, बादली प्लॅस्टिकची. जीआयची (जस्ताचा मुलामा दिलेल्या पत्र्याची) बादली वापरली तर जस्त वाढून येतं, रंग उडालेलं फावडं वापरलं तर शिसं. नुकतं खत टाकलेली जागा, झाडाचा बुंधा आणि खताच्या खड्ड्याची कड टाळा.

गोळा झालेली माती वर्तमानपत्रावर पसरण्याऐवजी स्वच्छ प्लॅस्टिकवर सावलीत वाळवा, खडे काढा, नीट कालवून गोल पसरा. चार भाग करा, समोरासमोरचे दोन टाकून द्या, उरलेले पुन्हा कालवा आणि पुन्हा चार भाग करा. अर्धा किलो उरेपर्यंत हेच. रंगाचे पोपडे मात्र खड्यांबरोबर निवडून फेकू नका. जागेवर ते असतील तर रिपोर्टमध्येही दिसायला हवेत.

एक नमुना बागेबाहेरचा घ्या. जवळच्या टेकडीवरची किंवा जुन्या शेताच्या बांधावरची, रस्त्यापासून लांबची, कोणी भराव न टाकलेली माती. हा नमुना पैसे वाया घालवल्यासारखा वाटतो आणि नंतर तोच सगळ्यात उपयोगी पडतो. का ते पुढे येईल.

सुपीकतेची तपासणी जिल्ह्याच्या मृद चाचणी प्रयोगशाळेत किंवा राहुरी-दापोलीसारख्या कृषी विद्यापीठांकडे होते. जड धातूंसाठी एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) मान्यतेची खासगी प्रयोगशाळा गाठा, आणि फॉर्मवर स्पष्ट लिहा: माती, एकूण धातू, आम्लात विरघळवून, निकाल कोरड्या वजनावर मिलिग्रॅम प्रति किलो. यादीत शिसं, कॅडमियम, आर्सेनिक, पारा, क्रोमियम, निकेल, तांबं, जस्त ही आठ नावं द्या. 'एकूण' हा शब्द राहिला तर काही ठिकाणी डीटीपीए पद्धतीने मोजून देतात. ती पद्धत पिकाला सहज मिळणारा अंश मोजते आणि आकडा एकूण धातूच्या कितीतरी कमी येतो. सुरक्षिततेच्या मर्यादा एकूण धातूच्या असल्यामुळे डीटीपीएचा ८ आणि मर्यादेचा ८० शेजारी ठेवून हुश्श करण्यात अर्थ नसतो. आलेल्या रिपोर्टवर पद्धतीचा रकाना सगळ्यात आधी वाचा.

आकडे वाचताना

शिशासाठी सगळीकडे चालणारी एकच रेघ नाही. कॅनडात शेतजमिनीसाठी ७० आणि घराच्या आवारासाठी १४० मिलिग्रॅम प्रति किलो धरतात. कॅलिफोर्निया ८० धरतं. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने घरगुती मातीसाठीची पातळी २०२४ मध्ये ४०० वरून २०० वर आणली. आपल्या काळ्या-तांबड्या मातीत, भेसळ नसेल तर, शिसं साधारण १० ते ३० च्या आसपास असतं. यावरून आम्ही जी विभागणी वापरायला सांगतो ती थोडी कडक आहे, आणि मुलं बागेत येणार असतील तर ती कडकच असावी.

८० च्या खाली असेल तर जमिनीत काहीही लावा. ८० ते २०० मध्ये फळभाज्या जमिनीत चालतील, पालेभाज्या आणि कंदमुळं उंच वाफ्यात लावा, आणि उघडी माती झाकून ठेवा. २०० ते ४०० मध्ये सगळंच उंच वाफ्यात, खाली कापडाचा अडसर घालून. बागेतल्या वाटांवर फरशी किंवा खडी. ४०० च्या वर असेल तर ती जागा भाजीसाठी सोडून द्या, माती झाका आणि तज्ज्ञाला बोलवा. अशा जागी फरशीवर कुंड्या आणि ग्रो-बॅग ठेवून बाग करता येते, जमिनीला हात न लावता.

कॅडमियमला कॅनडाची शेतजमिनीची मर्यादा १.४ आणि आर्सेनिकची १२ आहे. कॅडमियमकडे जास्त लक्ष द्या. शिसं मुळाशीच अडकून राहतं, पानाफळांत फारसं चढत नाही. कॅडमियम मात्र पालकात, माठात सरळ वर चढतं आणि ते धुऊन जात नाही. माती आम्लधर्मी असली तर आणखी सहज चढतं. कोकणातल्या जांभ्याच्या मातीचा सामू बहुधा ५ ते ६ असतो, तिथे चुना घालून तो ६.५ च्या वर आणणं हा निम्मा उपाय आहे. देशावरच्या काळ्या मातीत सामू मुळातच ७.५ च्या वर, तिथे चुन्याचं नावही काढू नका.

आता तो बागेबाहेरचा नमुना. पुणे, नाशिक, संभाजीनगरकडच्या मातीचा रिपोर्ट आला की क्रोमियम, निकेल आणि तांबं परदेशी मर्यादांच्या वर दिसून घबराट होते. कॅनडाची तांब्याची मर्यादा ६३, क्रोमियमची ६४. दख्खनच्या बेसॉल्टमध्ये हे तिन्ही धातू मुळातच जास्त, त्यामुळे त्यापासून झालेल्या स्वच्छ मातीतही आकडे शंभरी गाठू शकतात. टेकडीवरच्या नमुन्यात क्रोमियम ९५ आणि बागेत १०० आलं तर ते खडकाचं देणं आहे, आणि ते बहुतांश कमी घातक रूपात असतं. बागेत ३०० आलं आणि शेजारी कधीकाळी प्लेटिंगचं दुकान होतं, तर हेक्झाव्हॅलंट क्रोमियम (त्याचं जास्त घातक रूप) वेगळं मोजून घ्या. शिशाचं उलट आहे. बेसॉल्टमध्ये शिसं अगदी कमी, म्हणून बाहेर १५ आणि बागेत १५० असेल तर ते माणसानेच आणून टाकलेलं आहे.

राडारोड्याची साधी परीक्षा घरी होते. चमचाभर कोरड्या मातीवर व्हिनेगर टाका. जोरात फेस आला तर चुना किंवा सिमेंट भरपूर आहे. (काळ्या मातीत चुनखडीमुळेही थोडा फेस येतो.) अशा मातीत शिसं घट्ट बांधलेलं राहतं हे बरं, पण लोह मिळत नाही आणि भेंडीची कोवळी पानं शिरा हिरव्या ठेवून पिवळी पडतात. मग लोक युरिया मारत बसतात.

सूर्यफूल किंवा मोहरी लावून माती साफ होते, हे फार फिरणारं आश्वासन आहे. शिशाच्या बाबतीत त्याला अनेक दशकं लागतील, आणि उपटलेली झाडं पुन्हा घातक कचराच. स्फुरद घालून शिसं बांधता येतं हे खरं, पण त्याच मातीत आर्सेनिक असेल तर स्फुरदामुळे ते मोकळं होतं. आठही धातूंचा रिपोर्ट हातात नसताना हा प्रयोग करू नये. चांगलं कुजलेलं कंपोस्ट दोन-तीन इंच मिसळणं त्या मानाने निर्धोक.

विष पोटात जातं ते कुठून

लोकांना वाटतं भाजी मातीतून विष शोषते आणि आपण ते खातो. शिशाच्या बाबतीत बराचसा मार्ग त्याहून सरळ असतो: माती हाताला, हात तोंडाला. लहान मुलाच्या पोटात दिवसाला शंभर-दोनशे मिलिग्रॅम माती आणि धूळ जाते असं धरून धोक्याचे हिशेब मांडले जातात. ४०० पीपीएमच्या मातीतली १०० मिलिग्रॅम धूळ म्हणजे ४० मायक्रोग्रॅम शिसं, रोज. आणि नीट न धुतलेल्या पालकाच्या जुडीला ग्रॅमभर माती सहज चिकटलेली असते. त्या एका ग्रॅमात ४०० मायक्रोग्रॅम. त्याच मातीतल्या टोमॅटोच्या गरात शिसं जेमतेम पोचतं. शिशाची सुरक्षित अशी कुठलीही पातळी माहीत नाही, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, ते मुलांच्या मेंदूकडे बघून.

म्हणून बागेचा नकाशा आखताना उघडी माती शिल्लक ठेवायची नाही हे पहिलं. वाफ्यांमधल्या वाटांवर ७ ते १० सेंटीमीटर लाकडाचा भुसा, पाचट किंवा खडी टाका. रस्त्याच्या बाजूला मेंदीचं किंवा अडुळशाचं दाट कुंपण घाला, धूळ तिथे अडते. पालेभाजीच्या वाफ्यावर पाचटाचं आच्छादन हवंच, नाहीतर जुलैच्या पहिल्या सरीत चिखल उडून पानांच्या खालून चिकटतो. नळ बागेच्या दाराशी असावा, मधोमध नको, म्हणजे हात-पाय धुऊनच बाहेर पडणं होतं. बागेची चप्पल बागेतच राहू द्या. कोरडी माती खणण्याआधी शिंपडून घ्या. मुळा, गाजर, बीट सोलून खा. पालेभाजीची बाहेरची जुनी पानं टाकून द्या आणि उरलेली भांड्यात बुडवून तीन पाण्यांतून काढा.

वाफे आणि ब्रासचा हिशेब

रुंदी चार फूट, म्हणजे दोन्ही बाजूंनी हात मधोमध पोचतो आणि वाफ्यात पाय ठेवावा लागत नाही. लांबी दहा फूट, उंची दीड फूट. हे झाले ६० घनफूट. माती विकणारा ब्रासमध्ये बोलतो आणि एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, तेव्हा एका वाफ्याला ०.६ ब्रास, दहा वाफ्यांना सहा ब्रास. पहिल्याच पावसाळ्यात भर पाचवा हिस्सा तरी बसते, म्हणून सव्वासात ब्रासची तयारी ठेवा. पालेभाजीला एक फूट उंचीही पुरते, टोमॅटो-वांग्याला दीड लागतो.

तळाला १५० ते २०० जीएसएमचं (चौरस मीटरला तेवढे ग्रॅम) न विणलेलं जिओटेक्स्टाइल, म्हणजे पाणी झिरपू देणारं कृत्रिम धाग्यांचं कापड, अंथरा आणि कडांनी वर वळवा. पाणी खाली जातं, मुळं आणि गांडुळं खालची माती वर आणत नाहीत. भडक रंगाचं मिळालं तर तेच घ्या, पाच वर्षांनी खणणाऱ्याला हद्द कळते. ताडपत्री किंवा प्लॅस्टिक अंथरू नका. कोकणच्या पावसात वाफ्याचं डबकं होतं आणि मिरचीची मुळं आठवड्यात कुजतात.

कडेला वीट, एएसी ब्लॉक, कोकणात जांभ्याचा चिरा. जुन्या दारांच्या फळ्या नकोत, त्यांच्यावर तोच जुना रंग असतो. रेल्वेचे जुने लाकडी स्लीपरही नकोत, ते क्रिओसोट या विषारी डांबरी तेलात भिजवलेले असतात. टायर नकोत. लाकडी पॅलेट घ्यायचेच असतील तर त्यावरचा शिक्का पाहा: एचटी म्हणजे उष्णतेने प्रक्रिया केलेलं, चालेल, एमबी म्हणजे मिथिल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेलं, परत करा.

जागा पोडियमवर, म्हणजे पार्किंगच्या स्लॅबवर असेल तर दूषित जमिनीची काळजी मिटते आणि वजनाची सुरू होते. ओली माती घनमीटरला १.६ ते १.९ टन भरते. दीड फुटाचा वाफा म्हणजे चौरस मीटरला साताठशे किलो. स्ट्रक्चरल इंजिनिअरचं लेखी मत आल्याशिवाय एकही गोणी वर चढवू नका. अशा ठिकाणी कोकोपीट आणि कंपोस्ट जास्त घेऊन भर हलकी करतात. कोकोपीटची पाच किलोची वीट फुगून साधारण ७० लिटर होते, पण पहिलं पाणी खारट निघतं. दोनदा भिजवून निथळून घ्या.

विकतची माती, फुकटचं खत

बागेची जमीन तपासून उंच वाफे बांधले आणि त्यात कुठून आली हे माहीत नसलेली माती ओतली, तर केलं ते पाण्यात. नर्सरीतली 'लाल माती' कधी डोंगर पोखरून आलेली असते, कधी शहरातल्या एखाद्या खोदकामातून. विक्रेत्याला उगम विचारा, गाडी उतरवण्याआधी नमुना घ्या, आणि प्रत्येक वेगळ्या उगमाची शिसं-कॅडमियम तपासणी करा. खेड्यातल्या धरण-तलावाचा गाळ उत्तम पोयटा असतो. शहरातल्या नाल्याचा किंवा तलावाचा गाळ कोणी फुकट दिला तरी नको.

मिश्रण दोन भाग माती, एक भाग कुजलेलं शेणखत किंवा कंपोस्ट, एक भाग कोकोपीट किंवा भाताचा तूस. कंपोस्टसाठी आपल्याकडे खत नियंत्रण आदेशाच्या मर्यादा आहेत. शहरी कंपोस्टमध्ये किलोमागे शिसं १०० मिलिग्रॅमच्या आत, कॅडमियम ५, आर्सेनिक १०, क्रोमियम आणि निकेल प्रत्येकी ५०, पारा ०.१५, क्षारता ४ डेसिसिमेन्स प्रति मीटरच्या आत, कर्ब-नत्र गुणोत्तर २० च्या आत. विक्रेत्याकडून याचा रिपोर्ट मागून घ्या. आणि हेही ध्यानात ठेवा की कंपोस्टमधला कर्ब दोन-तीन वर्षांत जिरून जातो, धातू राहतात. दरवर्षी काठावर पास होणारं कंपोस्ट घालत राहिलं तर वाफ्यातलं कॅडमियम गुपचूप वाढत जातं.

सोसायटीच्या २४ तासांत खत करणाऱ्या यंत्रातून जे बाहेर पडतं ते वाळवलेलं खरकटं असतं. ओलं झालं की तापतं, वास मारतं, रोपं जाळतं. ते पालापाचोळ्यात मिसळून महिना-दीड महिना ढिगात मुरवा. खरकट्यात मीठ असतं, त्यामुळे क्षारता मोजल्याशिवाय वापरू नका. निर्माल्याच्या खतात फुलं-पानं ठीक. दोरे, प्लॅस्टिक, जर आणि शेंदूर-कुंकू माखलेलं सगळं वेगळं काढा. भेसळीच्या शेंदरात शिशाचे रंग सापडलेले आहेत. एसटीपीचा (सांडपाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रणेचा) गाळ वाळवून 'सेंद्रिय खत' म्हणून वाटतात, तो भाजीला कधीच नाही.

खत मुरलं का हे हळीव सांगतो. मूठभर कंपोस्ट पाचपट पाण्यात कालवून तासाभराने गाळा. एका ताटलीत टिशूवर ते पाणी, दुसरीत साधं पाणी, दोन्हींत २० हळिवाचे दाणे. तीन दिवसांनी साध्या पाण्यात १८-१९ उगवले आणि खताच्या पाण्यात १६ पेक्षा कमी, किंवा मुळं आखूड आणि तपकिरी, तर खत कच्चं आहे. ताजं शेण घातलंच असेल तर मातीला टेकणाऱ्या भाजीची काढणी १२० दिवस आणि वर लागणाऱ्या फळभाजीची ९० दिवस थांबवा. जीवामृत किंवा अमृतजल मुळाशी घाला, कोथिंबिरीच्या पानांवर नको.

पाण्यातही हीच शिस्त. एसटीपीचं पाणी शोभेच्या झाडांना द्या. नाल्याच्या पाण्यावर अळू आणि पालक कसे तरारतात हे मुंबईत रेल्वेच्या रुळांशेजारी अनेकांनी पाहिलंच आहे. ते तरारणं बघून शिकू नये. कोकणात न्हाणीच्या पाण्यावर अळू लावतात तिथे निदान पाणी आपल्याच घरचं असतं.

माणसांसाठी तीन गोष्टी सांगून ठेवा: धनुर्वाताची लस चालू असावी, पावसाळ्यात साचलेल्या पाण्यात गमबूट घालूनच उतरावं (उंदीर असतील तिथे लेप्टोस्पायरोसिसचा धोका असतो), गरोदर स्त्रियांनी आणि मधुमेह असलेल्यांनी हातमोज्याशिवाय मातीत हात घालू नये.

वर्षाचं वेळापत्रक आणि पुढची तपासणी

नमुने फेब्रुवारी-मार्चमध्ये घ्या, माती कोरडी असते आणि रिपोर्ट यायला वेळ मिळतो. एप्रिलमध्ये वाफे बांधा, मेअखेर भरून टाका, पहिल्या पावसात भर बसू द्या आणि मग वरून पुन्हा भरा. पहिल्या हंगामात भेंडी, दुधी, पडवळ, चवळी लावा. पालेभाजी दसऱ्यानंतर.

एक वही ठेवा: कोणत्या वाफ्यात कुठली माती, कुठलं खत, कोणत्या तारखेला, पावतीसकट. पुढे एखाद्या वाफ्यात गडबड निघाली तर बाकीचे नऊ उपसावे लागत नाहीत.

धातूंची तपासणी दर तीन वर्षांनी, त्याच ठिकाणच्या वरच्या ५ सेंटीमीटरची. मधेच करायची वेळ येऊ शकते ती दोन-तीन प्रसंगी: होळी, दिवाळी आणि इमारतीचं रंगकाम. आवारातल्या होळीत प्लायवूड किंवा रंगवलेलं फर्निचर जळलं असेल तर ती राख वाफ्यात जाऊ देऊ नका. नुसत्या लाकडाची राखही काळ्या मातीला नको. दिवाळीत फटाके वाफ्यांपासून लांब, आणि दुसऱ्या दिवशी कचरा झाडण्याआधी पाणी मारा. इमारतीला रंग लागणार असेल तेव्हा सगळ्यात जपायचं: कंत्राटदार जुना रंग घासून काढतो ते दिवस सगळे वाफे ताडपत्रीने पूर्ण झाका, ती आतल्या बाजूला दुमडून उचला, त्या दिवसांतली पालेभाजी काढून टाका, आणि पहिला पाऊस पडायच्या आत भिंतीकडच्या पट्ट्याचा नवा नमुना प्रयोगशाळेत पाठवा. त्या महिन्याचं काम कंत्राटातच लिहून घेतलं, तर ताडपत्रीचा खर्च कोणी करायचा हा वादही उरत नाही.